गरजवंताला अक्कल हवी: पास रशर शोधणाऱ्या संघाचा ड्राफ्ट कसा मांडावा

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार, पहाटेचे पाच. न्यू ऑर्लीन्समध्ये रविवारची संध्याकाळ होती, आमच्या घरी दूधही यायचं होतं. त्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, फिलाडेल्फिया ईगल्सनी कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) पॅट्रिक महोम्स याला सहा वेळा चेंडूसकट जमिनीवर आडवं केलं, आणि त्यासाठी एकदाही ब्लिट्झ लावला नाही. म्हणजे मागच्या फळीतला जादा माणूस एकदाही पुढे सोडला नाही. पुढचे चौघे आपल्या बळावर घुसत होते आणि मागचे सात जण निवांत पहारा देत होते. मध्यंतराला २४-०. शेवट ४०-२२, पण तो आकडा फसवा आहे, सामना कधीच संपला होता.

असा सामना पाहिला की प्रत्येक संघाच्या चाहत्याला एकच वाटतं, आपल्यालाही पास रशर हवेत. क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटायच्या आत त्याच्यापर्यंत पोचणारे बचावपटू म्हणजे पास रशर, आणि क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडलं की तो सॅक. मग एप्रिलमध्ये ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातल्या नव्या खेळाडूंची निवड, येतो आणि ज्या संघाकडे रशर नाही त्याचे चाहते ओरडायला लागतात की पहिल्या फेरीत रशर घ्या, वर चढा, काय वाट्टेल ते द्या, पण घ्या.

त्या रात्री अडीच सॅक करणारा जॉश स्वेट २०१८ च्या चौथ्या फेरीत निवडलेला होता. दोन सॅक करणारा मिल्टन विल्यम्स २०२१ च्या तिसऱ्या फेरीत.

गरजवंताला अक्कल नसते, असं आपल्याकडे म्हणतात. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये हे वाक्य दरवर्षी कुणीतरी खरं करून दाखवतं. हा लेख नव्याने फुटबॉल बघू लागलेल्यांसाठी आहे: आपल्या संघाला रशर हवा असेल तर ड्राफ्टचा विचार कसा करायचा, एकेक पायरी. उदाहरणासाठी अटलांटा फाल्कन्स घेतलाय, कारण रशरच्या शोधात त्यांच्याइतकी वणवण फार थोड्यांनी केली असेल.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते

आयपीएलचा लिलाव डोक्यातून काढा. इथे बोली नाही, पैसे नाहीत, हातोडा नाही. आहे ती पाळी. गेल्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेला संघ पहिला, सुपर बोल जिंकलेला बत्तिसावा. अशा सात फेऱ्या. प्रत्येक पाळीला पिक म्हणतात आणि पिक बाजारात चालतो: आजचा देऊन उद्याचा घेता येतो, दोन देऊन एक वरचा घेता येतो. निवडलेल्या खेळाडूचा पगार २०११ च्या करारापासून पाळीच्या क्रमांकावरूनच जवळजवळ ठरलेला असतो. करार चार वर्षांचा, आणि पहिल्या फेरीतल्यांसाठी पाचवं वर्ष वाढवायचा हक्क संघाकडे.

आपल्या वेळेप्रमाणे पहिली फेरी शुक्रवारी पहाटे साडेपाचला, दुसरी-तिसरी शनिवारी पहाटे साडेचारला, आणि चौथी ते सातवी शनिवारी रात्री साडेनऊपासून. शेवटची वेळ लक्षात ठेवा.

पायरी पहिली: दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा

"आमच्याकडे रशर नाही" हे वाक्य फार ढोबळ आहे. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखं.

फाल्कन्सचे आकडे बघा. २०२१ मध्ये संपूर्ण संघाचे मिळून १८ सॅक, लीगमध्ये सगळ्यात कमी. २०२४ मध्ये ३१, तेही तळाजवळच. २०१६ मध्ये व्हिक बीझलीने एकट्याने साडेपंधरा सॅक करून लीगमध्ये पहिला नंबर काढला होता. त्यानंतर २०२४ पर्यंत त्यांच्या एकाही गड्याला एका हंगामात दहाचा आकडा गाठता आला नाही. एवढं दिसल्यावर दुखणं खरं आहे हे कळतं.

पण नुसत्या सॅकवर जाऊ नका. सॅक म्हणजे विकेट आणि दडपण म्हणजे त्याआधीचे चार निर्धाव चेंडू. एका टोकाने जलद गोलंदाज फलंदाजाला जखडून ठेवतो आणि विकेट दुसऱ्या टोकाच्या फिरकीवाल्याच्या नावावर जाते, तसंच इथेही होतं. म्हणून दडपणाचे आकडे शोधा. ईएसपीएन एक आकडा देतं, त्यात रशर समोरच्याला अडीच सेकंदांच्या आत चकवतो का एवढंच मोजतात. दडपण भरपूर पण सॅक थोडे, असं असेल तर बहुधा नशीब फिरेल किंवा मागची फळी क्वार्टरबॅकला सोपा झेलणारा मोकळा ठेवतेय. अशा वेळी हवा असतो कॉर्नरबॅक, म्हणजे झेलणाऱ्याला चिकटून राहणारा मागच्या फळीतला गडी, रशर नव्हे. दडपणच नाही, तेव्हा रशर.

मग पुढचा प्रश्न, कडेचा हवा की मधला? कडेचा, म्हणजे एज रशर, बाहेरून वळसा घेऊन येतो. मधला थेट नाकासमोरून. मधून येणारी वाट जवळची, आणि क्वार्टरबॅकला पुढे सरकून सुटायला जागाच राहत नाही. ॲरन डॉनल्डने २०१८ मध्ये मधून खेळत साडेवीस सॅक काढले होते. तो २०१४ मध्ये तेराव्या पाळीला मिळाला, कारण उंची कमी म्हणून बाकीच्यांनी नाक मुरडलं. नवे चाहते फक्त कडेचे शोधतात. तुमच्या संघाच्या कडा ठीक असतील आणि मध्ये दोन भोपळे उभे असतील, तर महागडा एज आणूनही क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे टाकेल आणि सुटेल.

पायरी दुसरी: बाजारभाव

ड्राफ्टऐवजी तयार खेळाडू का घेत नाहीत? घेतात, पण भाव ऐका. २०२५ मध्ये मायल्स गॅरेटने वर्षाला सरासरी ४ कोटी डॉलरचा करार केला, टी. जे. वॉटने ४.१ कोटींचा. ऑगस्टअखेर डॅलसने मायका पार्सन्सला ग्रीन बेला दिलं. ग्रीन बेने पहिल्या फेरीचे दोन पिक आणि केनी क्लार्क हा खेळाडू मोजला, वर पार्सन्सला वर्षाला ४.७ कोटी. त्या वर्षी संपूर्ण संघाच्या पगाराची मर्यादा होती २७.९२ कोटी. आणि त्याच ड्राफ्टमधल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचा चार वर्षांचा सगळा करार साधारण ४.८८ कोटींचा. म्हणजे अनुभवी रशरचं एक वर्ष आणि नवख्याची चार वर्षं यांचा भाव जवळपास सारखा.

इतकं साधं गणित आहे. स्वस्तात मिळालेला चांगला रशर म्हणजे उरलेल्या पैशात दोन-तीन चांगली माणसं. म्हणून सगळे ड्राफ्टकडे धावतात, आणि सगळेच धावतात म्हणून वरच्या पाळ्यांचा भाव चढतो.

मधला मार्गही असतो, उतरत्या वयाचा गडी एका हंगामापुरता आणायचा. फाल्कन्सनी ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीचा पिक देऊन मॅथ्यू जूडनला आणलं. सॅक आले साडेपाच. तो पिक गेला तो गेलाच, आणि त्याची आठवण पुढे येणार आहे.

पायरी तिसरी: यंदाचं पीक कसं आहे

हा भाग नवे लोक नेहमी विसरतात. तुमची गरज यंदा आहे म्हणून यंदा रशरचं पीक चांगलं येईल असं नाही.

२०२४ मध्ये पहिल्या चौदा पाळ्यांमध्ये एकही बचावपटू गेला नाही. पंधराव्याला इंडियानापोलिसने लाइअटू लाटू घेतला, मग सतराव्याला डॅलस टर्नर (हे खेळाडूचंच नाव), एकोणिसाव्याला जेरेड व्हर्स. फाल्कन्सची पाळी आठवी होती. सगळ्यांना वाटत होतं रशर घेतील. त्यांनी घेतला क्वार्टरबॅक मायकल पेनिक्स, तेही कर्क कझिन्स या दुसऱ्या क्वार्टरबॅकशी दीडेक महिन्यापूर्वी १८ कोटी डॉलरचा करार केलेला असताना! त्या सकाळी आमच्या ग्रुपवर जे काही लिहिलं गेलं ते इथे देण्यासारखं नाही. क्वार्टरबॅकचा हट्ट मला आजही पटलेला नाही. पण आठव्या पाळीला रशर न घेणं हे काही पाप नव्हतं. बाजारानेच सांगितलं की आठव्या पाळीच्या तोलाचा रशर त्या वर्षी नव्हता. रशरच हवा होता तर खाली सरकून, वर एक पिक कमावून, पंधरा-सतराच्या आसपास घेता आला असता.

२०२५ मध्ये उलटं होतं. अब्दुल कार्टर तिसऱ्या पाळीला गेला आणि त्याच्यामागे एज रशरची रांग दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत लांबलेली होती.

म्हणून यादी करताना नावांना नंबर देऊ नका, गट पाडा. पहिल्या गटात ज्यांच्याबद्दल शंका नाही असे एक-दोन. दुसऱ्यात पहिल्या दिवसापासून खेळतील असे चार-पाच. तिसऱ्यात गुण आहेत पण कच्चे. आणि दोन गटांच्या मधली दरी कुठे आहे ते बघा. तुमच्या पाळीला दुसऱ्या गटातले चार शिल्लक असतील तर घाई कशाला, खाली सरका, त्यातला एक येईलच. एकच उरला असेल आणि त्यानंतर थेट दरी असेल, तरच हात लांब करायचा. भाजी घेताना शेवटची जुडी आणि भरलेली टोपली यांत आपण वेगळं वागतोच की.

पायरी चौथी: खेळाडू डोळ्यांनी बघा

इथे जरा रेंगाळतो, कारण मजा इथेच आहे.

हायलाइटचे व्हिडिओ बघून मत बनवू नका. हायलाइट म्हणजे स्थळाचा फोटो. पूर्ण सामने शोधा, निदान तीन, आणि त्यातला एक तरी तगड्या टॅकलविरुद्धचा असू द्या. टॅकल म्हणजे क्वार्टरबॅकच्या डाव्या-उजव्या बाजूला उभा राहून रशरला अडवणारा दीडशे किलोच्या आसपासचा गडी. चेंडूकडे बघायचं नाही. अवघड जातं, डोळे आपोआप तिकडे वळतात, पण ज्याला तपासायचं आहे त्याच्यावरच नजर ठेवा.

पहिलं बघा पहिलं पाऊल. चेंडू हलताक्षणी तो हलतो की शेजारी हलला म्हणून हलतो? दुसरं, हात. टॅकलचे पंजे छातीला लागायच्या आत तो ते झटकतो का? ज्याचे हात खाली लोंबतात तो कॉलेजात नुसत्या वेगावर जिंकतो आणि एनएफएलमध्ये पहिल्याच महिन्यात अडकतो. तिसरं, वाकणं, आणि हे शिकवून फारसं येत नाही. कडेने पळत जाऊन क्वार्टरबॅककडे वळताना शरीर आतल्या बाजूला झुकवून वेग न सोडता वळायचं. खंबाटकीच्या वळणावर बाइकवाला जसा बाइक आडवी करतो तसं. ज्याला वाकता येत नाही तो वळताना सरळ उभा होतो, आणि टॅकल त्याला हळूच मागे ढकलून क्वार्टरबॅकच्या पलीकडे सोडून येतो. दिसायला वाटतं हा किती पुढे पोचला. पोचला खरा, पण रस्ता चुकून.

चौथं, दुसरा डाव. बाहेरची वाट बंद झाली तर आतून गिरकी घेतो का? की तिथेच ढकलाढकली करत राहतो? एका कागदावर प्रत्येक पासच्या वेळी तीनपैकी एक खूण करा: जिंकला, हरला, काहीच नाही. "काहीच नाही" या रकान्यात खूप खुणा झाल्या तर नाव कितीही मोठं असो, सावध व्हा.

आता आकडे की अंगकाठी, हा जुना वाद. २०२२ मध्ये तो सरळ समोरासमोर आला. एडन हचिन्सनचे शेवटच्या कॉलेज हंगामात १४ सॅक, पण हात आखूड, ३२ इंचांच्या किंचित वर. ट्रेव्हॉन वॉकरचे सॅक फक्त सहा, पण हात साडेपस्तीस इंच आणि तेवढ्या आकाराचा माणूस ४० यार्ड ४.५१ सेकंदांत धावला. जॅक्सनव्हिलने पहिल्या पाळीला वॉकर घेतला, डेट्रॉइटने दुसऱ्याला हचिन्सन. वॉकर वाईट निघाला नाही, २०२३ आणि २०२४ मध्ये त्याने दहाचा आकडा गाठला. पण हचिन्सन जवळजवळ पहिल्या दिवसापासून डेट्रॉइटच्या बचावाचा कणा झाला. मला विचाराल तर पहिल्या पाच पाळ्यांत मी आकडेवाल्याच्या बाजूने. एवढ्या वर कच्चा माल घ्यायचा नसतो.

तिसऱ्या फेरीत मात्र माझं मत बरोबर उलट. डॅनियल हंटरचे शेवटच्या कॉलेज हंगामात फक्त दीड सॅक होते. दीड! मिनेसोटाने २०१५ मध्ये त्याला ८८ व्या पाळीला घेतलं आणि तो पुढे लीगमधल्या उत्तम रशरपैकी एक झाला. लांबी, वेग, वाकणं सगळं होतं, कुणी शिकवायचं बाकी होतं. त्या भावात तुम्ही मातीच घेता, मूर्ती नंतर घडवायची.

आणि दोन्ही असूनही फसतं, हेही ठेवून द्या. व्हर्नन घोलस्टनचे ओहायो स्टेटला एका हंगामात १४ सॅक, शरीर शिल्पासारखं. २००८ मध्ये जेट्सनी सहाव्या पाळीला घेतला. एनएफएलमध्ये एकूण सॅक: शून्य.

पायरी पाचवी: वर चढायचं की नाही

वर चढणं म्हणजे आपले दोन-तीन पिक देऊन दुसऱ्याची वरची पाळी घेणं. किंमत मोजायला एक जुना तक्ता आहे, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसमध्ये जिमी जॉन्सन प्रशिक्षक असताना बनलेला. पहिली पाळी ३००० गुण, सोळावी १०००, बत्तिसावी ५९०. आता संघ आपापले सुधारित तक्ते वापरतात, पण हिशेब शिकायला हा पुरतो.

तर २४ एप्रिल २०२५, ग्रीन बे. फाल्कन्सनी पंधराव्या पाळीला जॉर्जियाचा जेलन वॉकर घेतला. छान. मग त्यांनी लॉस एंजेलिस रॅम्सकडून सव्विसावी पाळी मिळवून टेनेसीचा जेम्स पिअर्स ज्युनियर घेतला. दिलं काय? ४६ वा पिक, २४२ वा पिक आणि २०२६ चा पहिल्या फेरीचा पिक. परत मिळाला १०१ वा. जूडनपायी तिसऱ्या फेरीचा पिक आधीच गेलेला, ते भोक बुजवायला हा १०१ वा.

तक्त्यावर मांडू. मिळाले: ७०० अधिक ९६, एकूण ७९६. दिले: ४६ व्याचे ४४०, २४२ व्याचा जेमतेम एखादा. फरक उरतो सुमारे ३५५. म्हणजे पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीच्या पिकाची किंमत धरली ३५५, साधारण ५४-५५ व्या पाळीइतकी. पुढच्या वर्षीचा पिक एक फेरी खालचा धरायचा, असा लीगमध्ये रिवाज आहेच. पण तो धनकोच्या सोयीचा रिवाज आहे. २०२५ मध्ये अटलांटाचे सॅक चांगलेच वाढले, तरी प्लेऑफ हुकला. प्लेऑफ चौदा संघ खेळतात, तेव्हा न खेळणाऱ्याचा पिक पहिल्या अठरात येतो. अठरावी पाळी म्हणजे तक्त्यावर ९००. तीनशे पंचावन्नाला विकलेली वस्तू निदान नऊशेची निघाली.

पिअर्स किती चांगला हा वेगळा प्रश्न. मी खरेदीबद्दल बोलत नाही, सावकाराच्या व्याजाबद्दल बोलतोय.

जागेवर थांबले असते तर? चव्वेचाळिसाव्या पाळीला डॅलसने डोनोव्हन एझिरुआकू घेतला, पंचेचाळिसाव्याला इंडियानापोलिसने जे. टी. टुइमोलोआऊ. अगदी उंबरठ्यावर दोन एज गेले, हे फाल्कन्सच्या बाजूने बोलायला हवं. पण निक स्कॉर्टन ५१ व्याला गेला आणि माइक ग्रीन ५९ व्याला, म्हणजे ४६ व्याला दोघेही समोर बसले होते. दरी नव्हती, उतार होता.

उलट बाजूचं उदाहरण ह्यूस्टनचं. २०२३ मध्ये त्यांनी दुसऱ्या पाळीला क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड घेतला आणि लगेच बाराव्यावरून तिसऱ्यावर उडी मारून विल अँडरसन ज्युनियर. १२ वा, ३३ वा, पुढच्या वर्षीचे पहिल्या आणि तिसऱ्या फेरीचे पिक दिले, १०५ वा परत घेतला. तेव्हा लोक हसले होते. अँडरसन त्या हंगामातला सर्वोत्तम नवखा बचावपटू ठरला, संघ प्लेऑफला गेला आणि दिलेला पिक घसरून २७ वा झाला. कर्ज स्वस्त पडलं, कारण घरात क्वार्टरबॅक आला होता. तेव्हा वर चढायच्या आधी स्वतःला हेच विचारायचं: पुढच्या वर्षी आपण किती सामने जिंकू, आणि हे उत्तर चाहता म्हणून देतोय की हिशेबनीस म्हणून?

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन संशोधकांनी ड्राफ्टचा अभ्यास केला होता. थेलरना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. त्यांचं म्हणणं असं की संघ वरच्या पाळ्यांना फाजील भाव देतात. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंत आधीचा सरस निघण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के. नाणेफेकीहून जेमतेम बरी.

२०१७ आठवा. त्याही वर्षी फाल्कन्स ३१ व्यावरून चढून २६ व्याच पाळीला गेले आणि त्यांनी टॅक मॅकिन्ली घेतला. दोन पाळ्यांनंतर डॅलसने टाको चार्लटन घेतला. आणखी दोन पाळ्यांनी, तिसाव्याला, पिट्सबर्गने टी. जे. वॉट घेतला, ज्याने पुढे २०२१ मध्ये साडेबावीस सॅक करून लीगच्या तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी केली. तिसरी फेरी संपता संपता, १०३ व्याला, न्यू ऑर्लीन्सला ट्रे हेंड्रिक्सन मिळाला, ज्याचे २०२३ आणि २०२४ मध्ये प्रत्येकी साडेसतरा. चार संघ, चार अभ्यास, चार खात्र्या.

पायरी सहावी: एकाऐवजी तीन

खात्री जर एवढीच असते, तर लॉटरीच्या एका तिकिटावर सगळा पगार लावण्यात शहाणपण नाही. तीन तिकिटं घ्या.

हे सगळ्यात नीट केलं ते रॅम्सनी. २०२३ मध्ये तिसऱ्या फेरीत दोन: बायरन यंग ७७ व्याला, कोबी टर्नर ८९ व्याला. मार्च २०२४ मध्ये डॉनल्ड निवृत्त झाला. पुढच्याच महिन्यात १९ व्याला जेरेड व्हर्स आणि ३९ व्याला त्याचाच फ्लोरिडा स्टेटचा जोडीदार ब्रेडन फिस्क. दोन कडेचे, दोन मधले, चौघेही पहिल्या करारावर. जानेवारी २०२५ च्या प्लेऑफमध्ये या संघाने मिनेसोटाच्या सॅम डार्नल्डला नऊ वेळा पाडलं. (फिस्कसाठी त्यांनीही वर चढून दुसऱ्या फेरीचा पिक दिला होता. दुसऱ्या फेरीचा. हा फरक बारीक नाही.)

आणि रेडर्सची २०१९ ची गोष्ट तर या विषयाचं सारं बाळबोध पुस्तकच आहे. त्याआधी त्यांनी खलील मॅकला शिकागोला देऊन टाकलं होतं, घरात रशर नावाला नव्हता. चौथ्या पाळीला त्यांनी क्लेम्सनचा क्लेलिन फेरेल घेतला. नावाजलेलं कॉलेज, सुशील मुलगा, कुणी नाव ठेवणार नाही असं स्थळ, फक्त बहुतेकांच्या यादीत एवढ्या वर नव्हतं. ब्रायन बर्न्स त्यानंतर सोळाव्याला गेला. फेरेलचे रेडर्सकडून चार वर्षांत मिळून दहा सॅक. त्याच ड्राफ्टमध्ये, त्याच संघाने, चौथ्या फेरीत १०६ व्या पाळीला ईस्टर्न मिशिगनसारख्या लहान कॉलेजचा काटकुळा मॅक्स क्रॉस्बी घेतला. त्याचे दहा सॅक पहिल्याच हंगामात आले. गरजेपोटी घेतला तो फसला आणि उरलेल्या पाळीत घेतला त्याने घर चालवलं. पण दुसरं तिकीट काढलं होतं म्हणून!

पायरी सातवी: तुमचा स्वतःचा कागद

पुढच्या ड्राफ्टआधी हे करून बघा. एक संघ निवडा, शक्यतो ज्याच्यावर तुमचं प्रेम नाही असा. त्याच्या सगळ्या पाळ्या लिहा. रशरचे तीन गट पाडा, प्रत्येकासमोर "या पाळीच्या वर घेणार नाही" असा आकडा लिहा. हा आकडा ड्राफ्टच्या आदल्या दिवशी लिहायचा, त्या पहाटे नाही. पहाटे साडेपाचला, ग्रुपवर शंभर मेसेज येत असताना, प्रत्येक रशर टी. जे. वॉट वाटतो.

मग खाली दोन ओळी. पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीच्या पिकाला हात लावणार का? माझं उत्तर नेहमी नाही असतं, घरात क्वार्टरबॅक ठरलेला असल्याशिवाय. पहिल्या चार फेऱ्यांत रशरवर किती पिक खर्चणार? निदान दोन, एक कडेचा, एक मधला. पहिल्या पाळीला रशर नाही आणि त्याच जागी तगडा टॅकल किंवा कॉर्नरबॅक वरच्या गटातला उरलाय, तर तोच घ्या. शिव्या खाव्या लागतील. दुसऱ्या फेरीत परत या.

माझ्या गेल्या खेपेच्या कागदावर पहिल्या फेरीतली नावं बहुतेक चुकली होती, ती सगळ्यांचीच चुकतात. चौथ्या फेरीसमोर मात्र मी तीन अनोळखी नावं लिहून ठेवली होती, लहान कॉलेजांची, लांब हातांची, प्रत्येकाचे दोन-दोन सामने बघून. चौथी फेरी लागते तेव्हा आपल्याकडे शनिवारची जेवणं आटोपलेली असतात, टीव्हीवरचे निवेदक कंटाळलेले असतात आणि ग्रुपवर कुणी नसतं. मी तेव्हा चहा टाकतो.